सव्वा एकचा वाचक

मित्रांनो, भाजीवाल्याकडचा काटा तुम्ही पाहिला असेल. मीही एक काटाच आहे, फक्त माणसं मोजणारा. ब्लॉगच्या तळाशी बसून किती जण वाचून गेले ते टिपणारा काउंटर. आता जुना झालो आहे. तरुणपणी माझा तोरा फार होता, तो पुरता उतरल्यावरच हे सांगायला बसलो आहे.

मला घडवणारा एका भाड्याच्या खोलीत राहायचा. कोणता शेजारी किती वाजता घरी येतो, हे त्याला पाठ असे. तोच गुण माझ्यात उतरला. वाचक आला की मी आकडा वाढवायचो, आणि तो कोणत्या गावातून आला, किती वाजता आला, किती मिनिटं थांबला, हेही गुपचूप लिहून ठेवायचो. वाचकाला विचारायचं असतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझी मालकीण कपडे दुरुस्त करायची. उसवलेली शिवण, अडकलेली चेन, विरलेली कॉलर यांवर ती ब्लॉग लिही. कापड बेतायच्या टेबलावर संगणक होता आणि त्यावर माझ्या नोंदींचा तक्ता दिवसभर उघडा असे. त्यामुळे दुकानातलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडायचं. पहिल्या महिन्यात चौदा भेटी झाल्या, त्यांतल्या नऊ तिच्या स्वतःच्याच. लेखक मंडळी आपलं लिखाण किती वेळा उघडून बघतात, ते मला विचारा.

मग सव्वा एकचा वाचक आला. एका लहानशा गावातून, रोज दुपारी, मोजून सहा मिनिटं. तो आकडा दिसल्याशिवाय मालकीण डबा उघडत नसे.

तो वाचक म्हणजे मालकिणीची धाकटी बहीण होती. नवरा हात उगारायचा म्हणून ती घर सोडून गेली होती आणि दूरच्या गावी बायकांच्या वसतिगृहात राहून पॅकिंगच्या कामाला लागली होती. तो माग काढील म्हणून फोन बंद, पत्र बंद. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "ताई, तू लिहीत राहा. जेवणाच्या सुट्टीत मी वाचेन. माझं गाव दिसलं की समज, मी बरी आहे."

हे मालकिणीनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होता, पण घरात त्याला सगळे 'वार्ताहर' म्हणत. मनानं सोन्यासारखा माणूस, पोटात मात्र काही राहायचं नाही.

पुढे अडकलेल्या चेनचा लेख एकाएकी गाजला. एका दिवसात अकरा हजार वाचक! मी फुगलो, वार्ताहर माझ्याहून जास्त फुगला. मालकीण गिऱ्हाईकाचं माप घेत होती, तेवढ्यात त्यानं माझ्या तक्त्याचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. 'आमच्या हिला कुठकुठे वाचतात, बघा!' गावांची अख्खी यादी त्यात होती. सगळ्यात वर मोठ्या शहरांचे हजार हजार वाचक आणि सगळ्यात खाली ते लहानसं गाव, वाचक एक.

मोठ्या आकड्यात माणूस लपतो, मित्रांनो. एकटा आकडा त्याला उघडं पाडतो.

ग्रुपवर मावशीनं भाबडेपणानं विचारलं, त्या गावात आपलं कोण आहे गं? मालकिणीच्या हातातली टेप गळून पडली. तिनं फोटो लगेच काढायला लावला, पण ग्रुपमधल्या त्रेचाळीस जणांपैकी एकतीस जणांचा तो पाहून झाला होता. त्यांत बहिणीचा नवराही होता. त्याला ग्रुपमधून काढायला हवं हे सगळ्यांना पटत होतं, पण वाईटपणा कोणी घ्यायचा, यावर वर्ष निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता तो दुकानात आला. हातात पँट होती, खालून आखूड करायला. स्टुलावर बसला तो नेमका माझ्यासमोर.

"ताई, हल्ली तुमचा ब्लॉग वाचतो मी. फार लांबलांबचे वाचक आहेत म्हणे."

"असतील. मी कुठे मोजत बसते?"

एक वाजून दहा मिनिटं. पँट आखूड करायला किती वेळ लागतो! एक वाजून बारा. तो पडद्याकडे बघत होता आणि मी उघडा होतो. तीन मिनिटांत बहीण येणार, ताजी नोंद म्हणून तिचं गाव सगळ्यात वर झळकणार, आणि ते मलाच लिहावं लागणार. तोंड मिटायची सोय मला कोणी दिलीच नव्हती.

एक वाजून तेरा मिनिटं झाली. मालकीण उठली आणि तिनं संगणकाची पिन खेचली.

"एकच प्लग चालतो हो इथला. इस्त्री लावते."

पडदा काळा झाला. सव्वा एकला ती आली. सहा मिनिटं थांबली. मी अंधारात नोंद केली आणि पहिल्यांदाच मला माझ्या कामाची भीती वाटली.

तो गेल्यावर मालकीण दुकान उघडंच टाकून शेजारच्या औषधवाल्याकडे धावली. त्याच्या फोनवरून, अगदी अडीअडचणीसाठी जपून ठेवलेल्या नंबरावर, तिनं बहिणीच्या वसतिगृहातल्या बाईंना गाठलं आणि तिला आजच्या आज तिथून हलवा म्हणून सांगितलं. संध्याकाळी निरोप आला, गाडीत बसवून दिली आहे. कुठल्या, ते मालकिणीनं विचारलं नाही.

मग तिनं माझा तक्ता उघडला. जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या. गाव बंद केलं, वेळ बंद केली. वार्ताहर दारात उभा होता, सगळं कळल्यावर तोंड एवढंसं झालेलं. तो म्हणाला, "अगं, मग ती बरी आहे, हे तुला कसं कळणार?"

"नाही कळणार," ती म्हणाली. "मला कळलं, तर त्यालाही कळेल."

मित्रांनो, तेव्हापासून मी फक्त आकडा वाढवतो. मालकीण अजून रोज लिहिते. सव्वा एक वाजला की माझ्याकडे बघते आणि मग डबा उघडते. कधी आकडा एकानं वाढलेला असतो. तो एक म्हणजे बहीण असेल, अनोळखी कोणी असेल, किंवा बहिणीचा नवरा स्वतःही असेल. माझ्याकडे सगळ्यांची नोंद सारखीच, एक.

तुमच्याकडे कुणाची यादी असेल, कुणाचा फोटो असेल, तर कौतुकानं पुढे पाठवण्याआधी सगळ्यात खालची ओळ वाचा. तिथे एकटं कोणी असेल, तर आधी त्याला विचारा. विचारता येत नसेल, तर पाठवू नका.

ते गाव कोणतं, हे तुम्हाला विचारावंसं वाटलं असेल. मला आठवत नाही. आठवत असतं, तरी सांगितलं नसतं.