बाजूला ठेवलेलं

‘बाजूला ठेवलेलं काम फक्त त्याच मशीनवर राहतं; इतर कुणाला ते दिसत नाही,’ एवढं लिहून प्रतीक्षानं भावाचा लॅपटॉप जवळ ओढला. वाक्य खरं आहे का, ते बघायचं होतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं काम जपणाऱ्या एका सॉफ्टवेअरची मराठी माहितीपुस्तिका ती तेरला, गावच्या घरी बसून लिहीत होती. प्रकरण स्टॅशचं होतं. हातातलं अर्धवट काम तात्पुरतं बाजूला सारायचं आणि सवडीनं परत आणायचं, एवढीच ती सोय. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा तिचा हेका. तो धाकट्या कृष्णराजनंच तिला लावलेला.

त्याच्या मशीनवर बाजूला ठेवलेलं एकच काम होतं. त्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘अण्णांसाठी आवाज. गावी आल्यावर पुरं करतो.’

कृष्णराज गावी आला तो शववाहिकेतून. पुण्यात रस्त्यावर अपघातात गेला. गाडी घरी आणलीच नाही, परस्पर शेतात नेली, कारण घरात अण्णा होते. उन्हाळ्यात लकवा मारल्यापासून त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्या घरानं तोंडाला कुलूप लावलं. पोरगं पुण्यात आहे, सुट्टी मिळत नाही, एवढंच अण्णांच्या कानावर जात होतं.

“काय घावलं गं?” कस्तुराबाई मागं येऊन उभी होती.

“अण्णांसाठी करत होता ते. चित्रावर बोट ठेवलं की बोलतं. कृष्णाच्या आवाजात.”

“मग लाव की. त्यांना वाटंल, पोरगं हाय.”

“आई, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?”

“तू शिकलेली हायस. पर ह्यांना काय झालं तर म्या कुणाकडं बघू?”

प्रतीक्षाला आईचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. तिनं ते काम परत आणायची कमांड दिली. नव्या फायली मुद्दाम सांगितल्याशिवाय स्टॅशमध्ये जात नाहीत, हे तिनं सकाळीच लिहिलं होतं. कृष्णानं बाजूला ठेवताना मशीनला तसं सांगितलं होतं. सगळे आवाज जसेच्या तसे बाहेर आले आणि यादी रिकामी झाली. परत आणलं की बाजूला काही उरत नाही, हेही तिनंच लिहिलं होतं. लिहिताना ते साधं वाटलं होतं.

अण्णांची खाट देव्हाऱ्यासमोर होती. देव्हाऱ्याखाली दरसाल नवरात्रात घट बसायचा. यंदा घरात सुतक, म्हणून बसवला नव्हता. बोलणं सगळ्यांनी सांभाळलं होतं; घट नाही हे अण्णांना दिसेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अण्णा मात्र नऊ दिवस त्या कोऱ्या जागेकडं बघत पडून होते.

प्रतीक्षानं लॅपटॉप त्यांच्या डाव्या हाताशी धरला. पडदा बोटानं चालायचा. अण्णांनी चित्रं निरखली आणि तांब्याच्या चित्रावर बोट टेकवलं.

“आई, अण्णांना पानी दे,” कृष्णराज म्हणाला.

कस्तुराबाईनं पदर तोंडात कोंबला. मग तोंड पुसून तिनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं.

“घ्या. बघा, तिकडं राहून बी तुमचं ध्यान हाय त्याला.”

अण्णांनी तोंड उघडलं नाही. डाव्या हातानं त्यांनी स्वतःचा लुळा उजवा हात उचलला आणि खाटेच्या कडेवर उताणा ठेवला. मग बायकोच्या हातातून फुलपात्र घेऊन त्या तळव्यावर हळूहळू कलतं केलं. पाणी अंगठ्याच्या कडेनं खाली पडत राहिलं, गेलेल्या माणसाला देतात तसं.

“आवं, सांडलं की समदं,” म्हणत कस्तुराबाई फडकं घ्यायला वाकली आणि वाकल्या जागी थांबली.

प्रतीक्षाला हुंदका आवरला नाही. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं, रिकामं फुलपात्र मांडीवर ठेवलं आणि पुन्हा त्याच चित्रावर बोट टेकवलं.

“आई, अण्णांना पानी दे.”

कस्तुराबाईनं तांब्या उचलला आणि फुलपात्र परत भरलं.