पान नसलेली नोंद

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता विषय कोणत्या पानावर ते सांगणारी. ती कुणीतरी माणूस बसून करतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती हेच काम करायची. नोकरी नाही, पगार नाही. प्रकाशकानं छापायला जायच्या आधीची पानं पाठवायची, हिनं सूची करून द्यायची, आणि पैसे येतील तेव्हा येतील. तिचा एकच नियम होता: जिला पान नाही ती नोंद ठेवायची नाही. त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

कराच्या बाबतीत मात्र सगळा बाजारात तुरीचा प्रकार. असं सुटं काम करणाऱ्याला सरकार वर्षातून चार वेळा विचारतं, बाई, यंदा किती कमावणार? आपण अंदाज बांधायचा आणि न कमावलेल्या पैशांवरचा कर आधीच भरायचा. पहिल्या वर्षी तिनं अंदाजही बांधला नाही आणि पैसेही ठेवले नाहीत. आले ते खाऊन मोकळी झाली. मग कर, वर दंड. तेव्हा मोठ्या भावानं, दादानं, स्वतःची ठेव मोडून तिला सोडवलं. दादा पुस्तकबांधणी करायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं कागद कापायचं मशीन होतं.

"आलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा तुझा नाहीच असं समज," तो म्हणाला होता. "वेगळ्या खात्यात टाक आणि त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस."

ते पैसे त्यानं कधी परत मागितले नाहीत. तिनंही, खरं सांगायचं तर, विषय काढला नाही.

गेल्या वर्षीच्या शेवटच्या हप्त्याची गोष्ट. दुपारी जेवण उरकून ती कागद घेऊन बसली. सगळी मिळकत मांडली, भरलेले हप्ते वजा केले, आणि लक्षात आलं की शेवटचा हप्ता भरूनही वेगळ्या खात्यात त्रेचाळीस हजार उरतात. तिनं पुन्हा बेरीज केली. उरतातच. पुढचे दोन महिने हातात एकही पुस्तक नव्हतं, त्यामुळे तिला इतकं हायसं वाटलं की ती एकटीच हसली.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

"छोटे, कामात आहेस का?"

दादा असं विचारत नसे. तो थेट बोलायला लागायचा.

"मशीनची मोटर जळली गं. चाळीसेक हजार लागतायत. दोन महिन्यांत फेडतो. आहेत का तुझ्याकडे?"

तिची नजर समोरच्या आकड्यावर होती. दोन रिकामे महिने डोळ्यांपुढून गेले, आणि मनात काही ठरायच्या आत तोंड बोलून गेलं, "दादा, खात्यात आहेत, पण ते कराचे आहेत. माझे नाहीत ते."

"अगं मग राहू दे!" दादा लगेच म्हणाला, वर हसलाही. "मीच शिकवलंय आणि मीच मोडायला लावतोय. हात लावू नकोस त्याला."

फोन उचलून परत लावायला कितीसा वेळ लागला असता? तिनं पेन उचललं. तीन आठवड्यांपूर्वी एक प्रकाशक बोलता बोलता म्हणाला होता, बारा खंडांचा कोश काढायचा विचार आहे, बघू. ते 'बघू' तिनं कागदावर उतरवलं. बारा खंड, आणि त्यांची आगाऊ रक्कम वर्ष संपायच्या आत मिळणार असं धरून. मिळकत फुगली, कर फुगला, त्रेचाळीस हजार त्यात बरोब्बर गडप झाले. संध्याकाळच्या आत तिनं सगळी रक्कम भरूनही टाकली. आता दादाला सांगितलं ते खोटं उरलं नव्हतं. त्याची पावतीसुद्धा होती.

कोश काही निघाला नाही. दादानं महिनाभर इकडेतिकडे हात पसरले आणि शेवटी मशीन भंगाराच्या भावात विकून एका कारखान्यात रोजावर लागला. फोनवर तो मजेत सांगायचा, बरं झालं, गिऱ्हाइकांची कटकट गेली. ती हूं हूं करायची. तिला रात्रीची झोप यायची, जेवणही जायचं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटायची.

यंदा विवरणपत्र भरलं आणि जास्तीचे पैसे खात्यात परत आले. तिचा कर सल्लागार फोनवर खदाखदा हसत होता.

"अहो, लोक मिळालेलं लपवतात, तुम्ही न मिळालेल्याचाही भरता! असं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. बरं, अंदाजात मांडलेला हा कोश कुठला? त्याचा एकही कागद सापडत नाही मला."

"कागद नाही त्याचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पैसे पाकिटात घालून ती दादाकडे गेली. पुढच्या खोलीत मशीनच्या जागी चपलांचं कपाट होतं. फरशीत चार बोल्टांची भोकं अजून तशीच होती. वहिनी आत चहा टाकत होती. दादानं पाकीट उघडून पाहिलं.

"हे काय?"

"तू मागितलेले. तेव्हाही होते माझ्याकडे. कर भरूनसुद्धा उरत होते, दादा. तुझा फोन ठेवल्यावर मी हिशेबात एक खोटं काम घातलं, उरू नयेत म्हणून."

इतकं बोलायला तिनं वर्ष घालवलं होतं. दादा बराच वेळ पाकिटाची कड बोटानं दाबत राहिला. कागदाची घडी पक्की करायची त्याची ती सवयच होती. मग त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिला कळता कामा नये. ती तेव्हाच म्हणाली होती, असतील पण द्यायचे नाहीत तुमच्या बहिणीला. त्यावरून मी तिला नाही नाही ते बोललो. चार दिवस जेवलो नाही घरात."

वहिनी चहा घेऊन आली. तिनं पाकीट पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि काय समजायचं ते समजली.

"कराचे पैसे सरकारनं परत दिले आणि तुम्ही लगेच घेऊन आलात?" तिनं कप नणंदेच्या हातात दिला. "वन्सं, मी तेव्हा तुमच्याबद्दल फार वाईट बोलले होते. माफ करा मला."

कप धरून तिनं दादाकडे पाहिलं. तो फरशीतल्या भोकांकडे बघत होता.

"असू द्या वहिनी," ती म्हणाली, आणि चहा प्यायली.