तीन ब्रास खडी

"काकी, किती ब्रास टाकायची?" फोनवर पलीकडून अभयने विचारलं आणि कांता गोंधळली.

"ब्रास कशाला रे? पितळेचं काय करू मी? मला खडी पाहिजे, अंगणात टाकायला."

अभय हसला. अगदी पोटातून हसला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ते हसू स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलं. परळच्या त्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात बऱ्याच महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. कांताच्याही ओठांवर आपसूक हसू आलं.

"ब्रास म्हणजे माप, काकी. दहा बाय दहाच्या जागेत फूटभर उंच ढीग घातला की एक ब्रास. अंगण केवढं आहे ते सांगा, मी हिशेब करून देतो."

अंगण केवढं, ते काही कांताला सांगता येईना. "उद्या सांगते," ती म्हणाली. "संध्याकाळी फोन कर."

घर मंडणगडच्या पुढे, तिच्या नवऱ्याच्या गावी होतं. भिवा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता. रिटायर झाल्यावर भावकीतल्या वाट्याच्या तुकड्यावर त्याने दोन खोल्या बांधल्या, पुढे ओटा काढला, वर कौलं चढवली. राहिलं ते अंगण. पावसाळ्यात तिथे घोट्यापर्यंत पाय रुतायचा. "एकदा खडी पडू दे," तो म्हणायचा, "मग खुशाल पड म्हणावं पावसाला." चपलांचा चिखल काढत प्रत्येक खेपेला म्हणायचा. खडी पडायच्या आधी तोच गेला. त्याच्या मोबाइलमध्ये 'अभय खडीवाला' नावाने नंबर होता, तो कांताने लावला होता.

त्या रात्री तिने डोकं चालवलं. अंगणात आंब्यापासून ओट्याच्या खांबापर्यंत दोरी होती. तिच्यावर दोन साड्या पूर्ण पसरून वाळायच्या. आडवं धरलं तर एक साडी. दुसऱ्या दिवशी तिने अभयला तसंच सांगितलं.

"साडीच्या मापात ऑर्डर पहिल्यांदाच आली," अभय म्हणाला. "तीन ब्रास लागेल. पाऊण इंची घ्या. बारीक घेतलीत तर चिखलात जाईल."

पाऊण इंची म्हणजे केवढी, खाली माती दाबून घ्यायची का, गाडी दारापर्यंत येते का, असं बोलता बोलता चहा गार झाला. फोन ठेवल्यावर कांताने तो पुन्हा गरम केला आणि खिडकीशी बसून प्यायली. खाली दिवे लागले होते. एवढ्या उंचावरून माणसं मुंग्यांएवढी दिसत. जुन्या चाळीत ती गॅलरीत नुसती उभी राहिली तरी चार जणी विचारून जायच्या, काय गं, आज भाजी काय? चाळ पाडून टॉवर झाला, सगळ्यांना घरं मिळाली, चांगली मिळाली. पण त्याच चार जणी आता चार मजल्यांवर होत्या आणि दारं लावलेली असत. भिवा होता तोवर ते एवढं जाणवलं नव्हतं.

मुलगी संघमित्रा पुण्याला. नोकरी, दोन लहान मुलं. ती रविवारी फोन करायची. एका हाताने पोळ्या लाटत, मधेच मुलांवर ओरडत. "जेवलीस ना? गोळ्या घेतल्यास ना?" एवढं विचारून होईपर्यंत कुकरची शिट्टी व्हायची.

खडीची गाडी गेली, तेव्हा ड्रायव्हरने फोन करून रस्ता विचारला. कांताने वळण न वळण सांगितलं. विहीर, मग विहार, मग उतार. खडी ओतल्याचा आवाज तिने फोनवर ऐकला. संध्याकाळी अभयने काम झाल्याचं कळवलं.

"म्हणजे आता झालंच," तो म्हणाला.

कांता घाईघाईने म्हणाली, "झालं कसं? कडेला चिरे नको लावायला? खडी पसरत जाईल ना रे."

मग जांभ्याच्या चिऱ्यांचं बोलणं सुरू झालं. चिरे झाल्यावर तांबडी माती; कडेने झाडं लावायची तर माती हवीच. कोणती झाडं, म्हणून ती मुद्दाम दादरला गेली, रोपं विकणाऱ्या बाईपाशी बराच वेळ उभी राहून सगळं विचारून आली आणि संध्याकाळी अभयला सांगितलं. आता तिला दिवसभर काहीतरी जमवायला असे. सहाला अभयचा फोन यायचा, त्याआधी ती केस विंचरून बसायची. लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला तिने एकदा सांगितलं, "गावी आमचं अंगणाचं काम चाललंय." बाईने कानातली वायर काढली, "काय म्हणालात?" म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा मजला आला.

मातीची दुसरी गाडी सांगितली, तेव्हा अभयने ती लिहून घेतली नाही.

"काकी, एक विचारू? रागावू नका. तिथे आहे कोण?"

"म्हणजे? घर आमचंच आहे."

"घर तुमचं, पण कुलूप आहे. आधीचाच माल ढिगाने पडलाय. पसरायला माणूस नाही. पाऊस तोंडावर आलाय, माती वाहून जाईल. पुढची गाडी मी आता पाठवत नाही. तुम्ही एकदा या, बघा, मग सांगा."

"तुला धंदा करायचाय की नाही?" कांताचा आवाज चढला.

"धंदाच करतोय, काकी. म्हणून सांगतो."

तिने फोन ठेवला. त्याने काही वावगं म्हटलं नव्हतं हे तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती फोनकडे पाठ करून बसली. फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा तसाच गेला. एक दिवस तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपण तोंडातून शब्द काढलेला नाही. आवाज आहे का बघायला तिने भिंतीवरच्या भिवाच्या फोटोला विचारलं, "जाऊ का मग?" आणि परळ डेपोतून रात्रीची एसटी धरली.

उजाडता उजाडता ती घरापाशी पोहोचली आणि पिशवी हातात धरून उभीच राहिली. अंगण दिसतच नव्हतं. मधोमध खडीचा डोंगर, आंब्याखाली चिऱ्यांची रास, आणि माती थेट पायऱ्यांवर ओतलेली. मातीत कोंबड्यांनी उकरून खळगे केले होते. स्वतःच्या घरात शिरायला तिला हातापायांवर ढीग चढावा लागला. अर्ध्यावर पाय घसरला आणि ती तिथेच मातीत बसली.

"आलीस होय?" कुंपणापलीकडून आवाज आला. रखमा, तिची थोरली जाऊ. भिवाचा भाऊ जाऊन दहाएक वर्षं झाली होती, एकटीच राहायची. "जय भीम तरी कर गो, येऊन बसलीस ती!"

"जय भीम, अक्का."

"गाडी माझ्या अळवावरनं नेली मेल्याने. विचारलंस मला? कुणाला विचारलंस?" रखमा कमरेवर हात ठेवून जवळ आली. "भिवा गेल्यापासून एक फोन नाही तुझा. आणि ही खडी! देऊळ बांधायचंय का काय इथे? कशाला मागवलीस एवढी?"

कांताच्या तोंडाशी उत्तरं आली होती. चिखल होतो. भिवाची इच्छा होती. त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

"तो मुलगा रोज फोन करायचा," ती म्हणाली.

रखमा हसली नाही. पदराने तिने कांताच्या कोपराची माती पुसली, मग आपल्या घरी जाऊन चहा आणला. दोघी ढिगावरच बसून प्यायल्या. चहा झाल्यावर रखमाने घरातून घमेलं आणि फावडं आणलं.

दोन म्हाताऱ्यांना ते झेपणारं नव्हतंच. दुपारपर्यंत पायऱ्या तेवढ्या मोकळ्या झाल्या. कांताने अभयला फोन लावला, "आले आहे," एवढंच सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून दोन गडी घेऊन आला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान निघाला. तिच्याशी बोलताना त्याचा फोन सारखा वाजत होता आणि प्रत्येकीला तो त्याच मायेने "हां काकी, बोला काकी" म्हणत होता. माणूस चांगला होता. गड्यांना काम समजावून, चहा न घेताच गेला. कांता त्याच्या धुरळ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

काम चार दिवस चाललं. खडी पसरली, कडेने चिरे बसले. उरलेली माती रखमाच्या अळवाला गेली, तेव्हा कुठे तिचा राग उतरला. "इथेच राहा की," ती एकदा म्हणाली, पण कांताच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. "बघते," ती म्हणाली. निघताना नव्या खडीवरून चालताना पाय रुतला नाही. हे बघायला भिवा पाहिजे होता, असं वाटून तिला तिथेच थांबावं लागलं.

परळला परतली तो रविवार होता. संघमित्राचा फोन आला. "कशी आहेस? जेवलीस? गोळ्या?"

एरवी कांता "हो हो" म्हणून मोकळी होई. आज ती म्हणाली, "मला इथे करमत नाही गं, मित्रा. दिवस दिवस कुणी बोलायला नसतं."

पलीकडे लाटणं थांबलं. कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक झाली. कुणी गॅस बंद केला नाही.

"आई," संघमित्रा म्हणाली, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दोघींपैकी कुणी फोन ठेवला नाही.