चार बोटांचं माप

मुकादमाने हात पुन्हा खांबावरच्या जुन्या ठशावर ठेवला. तिसऱ्यांदा. तरीही बोटं ठशाबाहेरच आली.

"रंग आक्रसला असेल हो," वजनकाट्यावरचा कारकून खिडकीतून म्हणाला.

"वीस वर्षं नाही आक्रसला, आज आक्रसेल होय?"

ठसा त्याचाच होता. मुकादम झाला त्या दिवशी चार बोटं काळ्या रंगात बुडवून त्याने ती हौसेने उमटवली होती. ट्रक भरला की पुढचं चाक आणि वरचा पत्रा यांच्या फटीत तो तीच बोटं आडवी घाली. घट्ट बसली, तर पुढच्या चाकांवर पुरेसं वजन आलं. सैल बसली, तर माल मागे गेला. अशी गाडी उतारावर वळवू म्हटलं तरी वळत नाही. काटा एकूण वजन सांगे, ते कुठे बसलंय हे मुकादमाची बोटं सांगत. गाड्या त्यांच्या भरवशावर सुटत.

गेले काही महिने सांधे सुजले होते. लेक तेल चोळून देई, तेव्हा तो हसे. बोटांबरोबर मापही सुजलंय, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि आज सकाळी फाटकात ड्रायव्हर, म्हणजे त्याचा जावईच, म्हणाला होता, "मामा, स्टेअरिंग फार हलकं लागतंय. पत्र्याचे रोल जरा पुढे घेऊ या का?"

"क्रेन गेली दुसऱ्या गाडीकडे. आणि बोटं घट्ट बसलीयत. मी काय काल कामाला लागलो?"

"तुमच्या बोटांपुढे आमचं काय चालणार!" हसत जावई गाडीत चढला होता.

ते बोलणं सकाळभर टोचत राहिलं, म्हणून तर तो खांबापाशी आला होता.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, ही ताकीद त्यानेच जावयाला दिली होती, लग्नाच्या बोलणीत, चारचौघांसमोर.

"उचल रे बाबा," तो पुटपुटला. "आज माझं ऐकू नकोस."

कारकुनाने उताराआधीच्या नाक्यावर फोन केला. "पत्र्याची गाडी अडवा हो!"

"ती? ती केव्हाच गेली की."

साडेअकराला मुकादमाचा फोन वाजला. जावयाचाच आवाज, पण लांबून आल्यासारखा. "मामा, गाडी वळलीच नाही. पाय अडकलाय... पायाचं काही कळत नाही. तिला हळू सांगा." मग नुसता श्वास. "आणि साहेबांना सांगा, मीच जोरात होतो."

पाय गुडघ्यावरून काढावा लागला.

दवाखान्यातल्या हलक्या पत्र्याच्या बाकावर बापलेक दोन टोकांना बसले होते. साहेब कागद घेऊन आले.

"चालकाचा वेग जास्त, असं लिहितोय. शुद्धीत असताना तो स्वतःच म्हणाला."

"वेग लिहू नका, साहेब."

"मग काय लिहू?"

"बोटं लिहा. माझी." मुकादमाने सुजलेला हात पुढे केला. "तो सांगत होता माल पुढे घ्या म्हणून. मी ऐकलं नाही."

"काय बोलताय कळतंय का? नोकरी जाईल."

"ते नंतर. आधी बाकीच्या सहा गाड्या थांबवा. आज सकाळी त्याही याच हाताने सोडल्यात. फोन करा, साहेब. उचलेपर्यंत करा."

साहेब फोन काढत जिन्याकडे धावले.

लेकीने आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. रोज ती त्याला तेल चोळत होती.

"तो बोलला होता?" तिने विचारलं. "सकाळी, तुम्हाला?"

"हो."

ती उठली आणि पलीकडे भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिचं टोक मोकळं झालं तसा बाक त्याच्या बाजूला कलला. मुकादम सरकला नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, पाय रोवून, तो तसाच तोल सावरत बसून राहिला.