मासळीबाजारातला प्रयोग

"बाई, तुम्ही कमळच्या समोर नका ना उभ्या राहू. तिला तुमचं तोंड दिसतंय."

चंदरने मला सरळ खांबामागे नेऊन उभं केलं. आमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तो शिपाई आणि मी तिथली प्राध्यापिका. पण त्या सकाळी अंधेरीच्या मासळीबाजारात कोण कोणाचं ऐकत होतं, ते सांगायलाच नको. माझ्या हातात वही होती आणि चपलांत बर्फाचं पाणी.

कमळ ही चंदरची बायको. वेसाव्याची कोळीण. वीस वर्षं याच बाजारात एका ओट्यावर बसत होती. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तिला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. काहीही विचारा, तोंडातून फक्त "ये गो, ये गो" यायचं. बाजारातल्या बायकांनी ठरवून टाकलं, ही खुळी झाली. हिची जागा आता दुसरीला द्यायची. हे कानावर आल्यापासून कमळ घरी भिंतीकडे तोंड करून पडून होती.

चंदर रजेवरून परतला तो थेट मेंदूच्या प्लास्टरच्या मॉडेलपाशी गेला. चौदा वर्षं तो त्याच्यावरची धूळ पुसत आला होता. "बोलणं कुठलं, बाई? आणि समजणं?" मी डावीकडचे दोन भाग दाखवले, एक पुढचा, एक मागचा. त्याने पुढचा तुकडा काढून बराच वेळ हातात धरला.

"म्हणजे समजायचं शाबूत असेल."

"असेल. खात्री नाही."

"मग बघायला पाहिजे ना."

मी म्हटलं, मी पत्र देते, प्राध्यापिकेचं. तो हसला. "पत्र कोण वाचणार तिथे? त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

अटी त्यानेच घातल्या. मासळी बायकांनी आपापल्या पाटीतली मांडायची. मागायचं त्यांनीच, तेही कमळच्या पाठीमागे उभं राहून. दहा मागण्या. नऊ बरोबर आल्या तर जागा तिची, नाहीतर सोडली. आकडा आधीच का, असं मी विचारलं, तर म्हणाला, "नंतर ठरवला की माणूस आपल्याला पाहिजे तिथे ओढतो. पोरांचे प्रयोग बघतो ना मी. बरोबर उत्तर जवळ आलं की विचारणारा पुढे झुकतो." हे सगळं मी दर जूनमध्ये वर्गाला उतरवून देत होते. कधी करून मात्र पाहिलं नव्हतं.

तो स्वतः बाहेर बर्फाच्या गाडीपाशी जाऊन, बाजाराकडे पाठ करून उभा राहिला.

त्या बायकांतली द्रौपदी मागायला उभी राहिली. जागा तिच्याच सुनेला मिळायची होती, त्यामुळे ती काही सोपं विचारणार नव्हती.

"दोन पापलेटं दे, मोठी नको."

कमळचा डावा हात बरोबर गेला. मी बरोबरची खूण केली. "हलवा दे. बोंबलावर पानी मार." बरोबर. चौथ्या वेळी मांदेली मागितली आणि कमळने बांगडा उचलला. वहीत पहिली फुली पडली. पुढच्या पाचही बरोबर आल्या. आता एकच मागणी उरली होती.

"पाव्हने येनार हायेत. ताजी सुरमई दे."

ओट्यावर दोन सुरमया होत्या. कमळने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून दिला. पुन्हा विचारलं, तरी हात हलला नाही. मागे कुजबुज सुरू झाली. चंदर आत आला.

"काय झालं?"

मला खोटं बोलायची फार इच्छा झाली. "दिली नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "मग फुली मारा, बाई. जे झालं तेच लिहायचं."

मी खांबामागून पुढे आले आणि फुली मारली. कमळने ती पाहिली आणि ती भडकलीच. "ये गो! ये गो!" करत तिने एका सुरमईचा कल्ला उचलला. आतून लाल नाही, तपकिरी. दुसरीचाही तसाच. दोन्ही मासळ्या तिने द्रौपदीच्या दिशेने ढकलल्या आणि जोरात मान हलवली.

बाजूला गिऱ्हाइकं उभी होती. द्रौपदी गप्प राहिली असती तर मला काहीच कळलं नसतं. कल्ल्यातलं मला काय कळतंय!

"माझ्या हायेत त्या दोनी सुरमया," द्रौपदी सगळ्यांसमोर म्हणाली. "परवाच्या. बर्फातल्या. मीच इसरले व्हते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ती फुली खोडा, बाय. जागा तिचीच."

मी खोडायला लागले, तर चंदरने पेन धरलं. त्याचे डोळे भरून आले होते. "खोडू नका. फुली राहू द्या. बाजूला लिहा, चूक विचारणाऱ्यांची."

मी तसं लिहिलं. इतकी वर्षं शिकवूनही मला जे साधलं नसतं ते या माणसाने केलं होतं, आणि मला त्याचा सरळ सरळ अभिमान वाटला.

कमळने डाव्या हाताने ओट्यावर पाणी ओतलं, पदर खोचला आणि बसली. आम्ही सगळे तिच्याभोवती कौतुकाने उभे राहिलो होतो. मागून एक गिऱ्हाईक वाकून पाहत होतं. कमळने हातानेच आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं.