खोलीमागे बावीस मिनिटं

“मावशी, मी इथे नाहीच असं समजा,” अजिंक्य म्हणाला आणि दोनशे सहा नंबरच्या दारात टॅबलेट घेऊन उभा राहिला. टॅबलेटवर घड्याळ पळत होतं.

हफीजाने मान हलवली. सहा फुटी माणूस दार अडवून उभा, आणि म्हणे नाही असं समजा! अजिंक्य मुंबईहून आला होता. मालकांची अकरा हॉटेलं, त्यांत कुठलं हॉटेल किती चोख चालतं ते तो मोजायचा. पाहुण्यामागे किती पाणी, किती वीज, आणि एक खोली आवरायला किती मिनिटं. रत्नागिरीच्या समुद्रालगतच्या उंच कातळसड्यावरच्या या पंचतारांकित हॉटेलात आज खोल्यांची पाळी होती.

सकाळीच जुन्याजाणत्या आवडाबाईने जिन्यात खोल्या आवरणाऱ्या सगळ्या बायकांना गोळा करून बजावलं होतं, “पस्तीस मिन्टं लावायची. एक मिनिट कमी नाय. आज धावलात तर उद्या रोज धावायला लागंल.”

“व्हय गो,” हफीजाही म्हणाली होती. खरंच ठरवलं होतं तिने.

पण चादर ओढली आणि हात सुटले. उशा, आरसा, बाथटब, नळ, टॉवेल, फरशी. पुढे काय करायचं ते तिला ठरवावंच लागत नव्हतं. दार ओढून बाहेर आली तेव्हा अजिंक्य टॅबलेटकडे बघतच राहिला.

“बावीस मिनिटं! आणि एक चूक नाही. मावशी, गोव्यातल्या हॉटेलातही कुणी एवढं चटकन करत नाही.”

तेव्हा कुठे हफीजाला पस्तीस आठवलं. वाईट वाटलं म्हणावं, तर तेही नाही. हल्ली तिला काही होतच नसे. सहा महिन्यांपूर्वी तिचा नवरा गफूर आखातात, बोटीवरच्या खोलीत झोपेतच गेला. दफनही तिकडेच झालं. कफनातला त्याचा चेहरा तिने पाहिला तो मोबाइलवर. तेव्हापासून आतलं सगळं बधिर झालं होतं. नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून ती कामावर परतली, ती अशी.

आणि परतायला जागा तरी का राहिली होती? आवडाबाईमुळे. “तिच्या जागेवर कुणाला घेऊ नका, तिच्या खोल्या मी करतंय,” असं तिने सुपरवायझर ईशाला सांगितलं, आणि छप्पन्न वर्षांची ती बाई चार महिने दोघींचं काम ओढत राहिली. त्यातच तिचे गुडघे गेले. आता बोला!

बावीसचा आकडा दिसल्यावर पस्तीसचं सोंग टिकलं नाही; अजिंक्यने सगळ्यांनाच धावायला लावून पुन्हा मोजलं. पंधरवड्याने ईशाने बायकांना बोलावून नवा नियम वाचला. खोलीमागे पंचवीस मिनिटं. पाच मिनिटांची सवलत धरूनही ज्यांना तिसाच्या आत जमलं नाही, त्यांना महिनाअखेर कामावरून थांबवायचं. चार नावं होती. पहिलंच आवडाबाईचं.

कुणी हफीजाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

अजिंक्य अजून हॉटेलातच होता. हफीजा त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“सर, माजा आकडा काढून टाका.”

“का? खोटा आहे का?”

“खरा हाय. पन चांगला नाय.”

त्याला काही कळेना. अजिंक्य वाईट माणूस नव्हता हो. वाईट असता तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. उलट त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, पाणी दिलं.

“मावशी, उलट मला तुमची पद्धत लिहून घ्यायची आहे. बाकीच्यांना शिकवू. काय करता नेमकं?”

“थांबत नाय.”

“म्हणजे?”

“थांबलं का नवऱ्याचं तोंड दिसतं मना. कफनातलं. म्हनून थांबत नाय. हात चालू ठेवतंय. हीच माजी पद्धत, ही कुनाला शिकवणार तुमी?”

अजिंक्यने पेन खाली ठेवलं. टॅबलेट तिच्यापुढे वळवला.

“अहवाल गेल्या शुक्रवारीच मुंबईला गेला, मावशी,” तो म्हणाला. “आणि कारण लिहायला त्यात जागाच नसते.”

महिनाअखेरीच्या शनिवारी आवडाबाईने गणवेशाच्या तिन्ही साड्या धुऊन, इस्त्री करून परत दिल्या. फाटकावर केरू वॉचमनला जाणाऱ्याची पिशवी तपासावी लागे. तो बिचारा दुसरीकडेच बघू लागला, तर हिने आपणच पिशवी उघडून त्याच्या पुढ्यात धरली.

“बघ रं, नीट बघ. समुद्र घेऊन चाललंय का काय म्हातारी!”

केरू हसला नाही. हफीजा मागोमाग फाटकापर्यंत आली होती. काय बोलायचं ते तिने रात्रभर जुळवलं होतं.

“हातांनी ऐकलं नाय गो,” एवढंच ती म्हणाली.

“मना म्हाईत हाय.” आवडाबाईने तिचा हात धरला, उलटा करून तळवा बघितला. साबणाने सोलवटलेला. “घरात सुन्न बसलेलीस, तेवा कामावर चल म्हनून मीच तुला ओढून आनली. काम कर म्हटलं, तर केलंस. तुजा काय गुन्हा? पन आता जरा दमानं कर गो बाय. मेलीस तर तुज्या खोल्या करायला मी नाय आता.”

एवढं बोलून ती सड्याचा उतार उतरायला लागली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून अंग आडवं करून, एकेक पाऊल टाकत. मध्येच कठड्याला धरून उभी राही, पुन्हा निघे.

हफीजाच्या कमरेला लावलेला कामाचा फोन वाजला. सोळा खोल्या बाकी होत्या. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिने घेतला नाही.

ती थांबली, तसा गफूर डोळ्यांपुढे आलाच. या खेपेस तिने त्याला येऊ दिलं. आवडाबाई खालच्या वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत हफीजा फाटकातून हलली नाही.