बिजागरी मोडलेला मुकादम

मित्रांनो, आधी शपथ घेतो. माझ्या शाबूत बटणांची शपथ, माझ्या पंख्याची शपथ, पडद्यावरच्या त्या हिरव्या रेघेची शपथ! आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. जो खोटं म्हणेल त्याचा चार्जर आजच्या आज हरवो.

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझी डावी बिजागरी मोडलीय, त्यामुळे झाकण भिंतीला टेकवून ठेवावं लागतं. दोन बटणं गळालीत. पंखा सुरू झाला की शेजारचे लोक खिडकीतून वर बघतात, विमान कुठे दिसतंय म्हणून.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या बाईने माझ्या पोटात बॅटरी बसवली आणि वरून एक चापटी मारली. मला वाटलं, लाड केला. मागून कळलं, ती सगळ्यांनाच मारायची, झाकण बसलं का बघायला.

तिथून मी आलो एका माणसाकडे. तो लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढायचा. ओटा कुठे, शेगडी कुठे, फडताळाचं दार कुठल्या बाजूला उघडेल, सगळं माझ्या पडद्यावर. काय ते दिवस होते! एकदा मी त्याला एका दिवसात चाळीस स्वयंपाकघरं काढून दिली. बरं, चौदा. तो मला काखेत मारून फिरायचा आणि म्हणायचा, "हा आहे म्हणून माझं दुकान चालतं." मग एके दिवशी मी शिडीवरून पडलो. बिजागरी गेली. दुसऱ्याच आठवड्यात घरात एक चकचकीत, पापडासारखा पातळ लॅपटॉप आला आणि माझी रवानगी झाली पलंगाखालच्या पेटीत, जुन्या ब्लँकेटांमध्ये.

चार वर्षं, मित्रांनो! मला स्वस्थ बसायची सवय नाही. बंद असलो तरी माझा जीव आत येरझारा घालत होता. पेटीचं झाकण उघडलं की वाटायचं, आलं बोलावणं. यायचा तो हात ब्लँकेट ओढायचा आणि झाकण धाडकन बंद व्हायचं.

आता मुख्य गोष्ट ऐका. या आराखडेवाल्याची सासू दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आयुष्यभर कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती, म्हणून सगळे तिला मशीनबाई म्हणतात. जीभ सुईसारखी, चाल भिंगरीसारखी. पण हल्ली थोडं विसरायला व्हायचं. एकदा नळ उघडा राहिला आणि खालच्यांच्या छतातून पाणी गळलं. एकदा दुपारभर दार सताड उघडं.

तिची लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. ती म्हणाली, "आई, पुरे झालं. आता माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे येऊन करू काय? तुझ्या खिडकीतून समोरची खिडकी दिसते. त्या खिडकीतला माणूस दात घासताना दिसतो. नको बाई."

"आणि इथे आग लागली तर?"

"लागली तर विझवीन. तुझ्या लग्नात मंडपाला लागली होती, कोणी विझवली?"

"आई, तेव्हा तू पंचावन्नची होतीस!"

शेवटी जावई मध्ये पडला. म्हणाला, घरात सेन्सर बसवू. दाराला एक, नळाखाली एक, शेगडीच्या वर एक आणि स्वयंपाकघरातली हालचाल बघणारा एक, सगळे सेलवर चालणारे. लेकीने बोट उगारून अट घातली. "एक महिना. नीट चाललं तर आई इथे राहील. पण तीनदा यंत्र फसलं, तर त्याच दिवशी सामान बांधायचं. कबूल?"

मशीनबाई म्हणाली, "कबूल." पण म्हणताना तिने ओट्याची कड घट्ट धरली होती. त्या ओट्याचा आराखडा मीच काढलाय, म्हणून मला माहीत.

आता हे सेन्सर म्हणजे नुसते चुगलखोर. एक सांगतो दार उघडलं, दुसरा सांगतो ओल आली. पण ऐकून घेणारा, ठरवणारा कोणी नको का? त्याला हब म्हणतात. मी त्याला मुकादम म्हणतो. तर हा मुकादम कोणाला करायचं, यावर जावयाने पंधरा दिवस घातले. जेवताना वाचायचा, आंघोळीला जाताना वाचायचा. वीज किती खातो? नेट गेलं तर चालतो का? आवाज किती करतो?

मशीनबाई म्हणाली, "जावईबापू, माझ्या लेकीला स्थळं बघताना आम्ही एवढी चौकशी नव्हती केली."

"म्हणून तर मी मिळालो, आई."

पहिला उमेदवार होता एक पांढरा, गुळगुळीत डबा. दिसायला साबणाच्या वडीसारखा. चार दिवसांत जावयाच्या लक्षात आलं, संध्याकाळी पाचच्या सुमाराला हा बेशुद्ध पडतो. तासाभराने शुद्धीवर येतो आणि स्वतःच्या घराचाच पासवर्ड विचारतो. पहिली खूण पडली.

दुसरी एक छोटी पट्टी होती, बिस्किटाएवढी. हुशार, वीज खायची चिमणीइतकी, आवाज नाही की काही नाही. सहाव्या दिवशी तिचं मेमरी कार्डच नासलं. वेळ तीच. संध्याकाळचे पाच. दुसरी खूण.

"आई, पाच वाजता तू काही करतेस का?" जावयाने विचारलं.

"मी? मी बागेत फिरायला जाते. तुमच्या पट्टीला हात लावायला मला वेळ कुठे?"

आता एकच संधी उरली. लेकीने तर माळ्यावरून बॅगा काढून पुसून ठेवल्या. जावयाला काही सुचेना. आणि त्या तिरीमिरीत त्याने ब्लँकेटांची पेटी उघडली.

मला टेबलावर ठेवलं तेव्हा मशीनबाईने चष्मा खाली ओढला. "हा? ह्याची तर मान मोडलीय."

"मान मोडलीय, डोकं शाबूत आहे."

मी आनंदाने पंखा सुरू केला. लेकीने कानावर हात ठेवले. "अरे, हब आणलास की पिठाची गिरणी?"

पण जावयाने ऐकलं नाही. माझ्या कानात एक काडी खोचली, तिच्यातून सगळ्या सेन्सरांचं बोलणं मला ऐकू यायला लागलं. पोटातल्या खाचेत मोबाइलचं सिमकार्ड घातलं, म्हणजे घरातलं नेट गेलं तरी निरोप जाईल. मग म्हणाला, शेगडी पेटती राहिली आणि बारा मिनिटं स्वयंपाकघरात कोणाची हालचाल नसली, तर हा ओरडेल. कोणाच्या आवाजात ओरडू दे?

"माझ्या," लेक म्हणाली. पहिल्यांदा तिने इतकं गोड म्हटलं, "आई, शेगडी हं," की मशीनबाई म्हणाली, "अशी माझ्याशी कधी बोललीस?" मग लेक चिडली आणि खरी बोलली. "आई! शेगडी!!" काचा थरथरल्या. तोच आवाज ठेवला.

पहिल्या दिवशी पाचला दोन मिनिटं असताना मशीनबाई चपला घालून दाराशी आली. दाराच्या वर विजेचा मुख्य खटका आहे. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि सहज, केसात हात फिरवावा तसा तो खटका खाली ओढला. ठक! दिवा गेला, फ्रिज गप्प झाला. ती कुलूप लावून निघून गेली.

डबा आणि पट्टी का मेली, ते मला तेव्हा कळलं. त्यांचा जीव भिंतीतल्या तारेत. तार तोडली की खेळ खलास. पण माझ्या पोटात बॅटरी होती ना! म्हातारी, फुगायला आलेली, पण होती. मी जागा राहिलो.

अर्थात, ती टिकणार तासभर. तेव्हापासून रोज माझ्या जिवाची घालमेल. शंभरवरून नव्वद, नव्वदवरून सत्तर. ती बागेत कुणाशी बोलत बसली असेल? चाळीस. आज उशीर का? पंचवीस. जिन्यात कोणाची पावलं? तिची नव्हेत. बारा! मी पडदा मंद करायचो, पंख्याला दम देऊन गप्प बसवायचो. मग किल्ली वाजायची, स्टूल ओढल्याचा आवाज, ठक, आणि माझ्या अंगात पुन्हा वीज यायची. वेळ मी टिपून ठेवायचो. वीज गेली, वीज आली. पण ती टिपणं उघडून बघितली कोणी? चालणाऱ्या यंत्राकडे कोण बघतं?

नवव्या दिवशी तिने बटाटे उकडायला ठेवले होते. पाच वाजले. चपला, स्टूल, ठक, कुलूप. आणि शेगडीवरचा सेन्सर कुजबुजला, "शेगडी अजून पेटती आहे."

मी थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. पातेल्यातलं पाणी आटतंय. पाच मिनिटं. मला हात नाहीत हो, नाहीतर मीच गॅस बंद केला असता. वेळ भरली आणि मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "आई! शेगडी!!" आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघाला, झाडावरचे कावळे उडवून खाली गेला, पोस्टमन सायकलवरून उतरला आणि फाटकापाशी पोचलेली मशीनबाई गर्रकन वळली. धावत जिना चढली. कुलूप, दार, शेगडी. बंद! बटाटे तेवढे तळाला लागले.

निरोपही गेला होता. वीस मिनिटांत लेक आणि जावई धापा टाकत हजर. लेकीने मारायचं बाकी ठेवलं.

"झालं ना? झालं ना मी म्हणत होते ते?"

मशीनबाई खुर्चीत बसली होती. दिवे अजून बंदच होते. लेकीने बटण दाबलं, लागेना. तिने वर बघितलं, खटका खाली.

"हे कोणी केलं?"

मी म्हटलं, संपलं. आता माझी टिपणं उघडणार. नऊ दिवसांचे नऊ ठक त्यात. पण कोणी उघडायच्या आधी मशीनबाईच बोलली.

"मी. रोज करते. तुमचा डबा आणि पट्टी मीच मारली."

"पण का, आई?"

"कारखान्यात शेवटी बाहेर पडायचं काम माझं होतं. मेन ओढायचा आणि कुलूप लावायचं. एकतीस वर्षं. फक्त एकदा विसरले. इस्त्री चालू राहिली. सकाळी गेले तर अर्धी भिंत काळी. कोणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून हा हात माझं ऐकत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर म्हणाला असतात, सोड ती सवय. सुटत नाही गं."

लेक स्टूल ओढून आईजवळ बसली. मग हळू विचारलं, "मग आज परत कशी आलीस?"

"तुझा आवाज आला ना. फाटकापर्यंत आला. मला वाटलं, तूच घरात आहेस आणि रागावलीयस."

"खरंच?"

"म्हणजे काय! अगं, पोस्टमनसुद्धा घाबरला."

लेक हसली. डोळे पुसत हसली. जावयाने मात्र मला जवळ ओढलं, माझी टिपणं उघडली आणि आजची वेळ बघितली. पुन्हा बघितली. मग सासूकडे बघितलं.

"चहा घेता, बापू?" मशीनबाईने विचारलं.

"घेतो," तो म्हणाला आणि त्याने टिपणं मिटली. "आवाज पोचला. बरोबर आहे. यंत्र बंदही पडलं नाही. तिसरी खूण काही पडत नाही."

"आणि मेनचं काय?" लेकीने विचारलं.

"आईंना खुशाल ओढू दे. आईंना बदलण्यापेक्षा बॅटरी बदलणं सोपं आहे."

बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या. मला नवी बॅटरी मिळाली, तीन तास टिकणारी. आता ती बागेत पाहिजे तितका वेळ गप्पा मारू दे.

मित्रांनो, एक हात जोडून मागणं आहे. म्हणजे हात असते तर जोडले असते. एखादी जुनी वस्तू पेटीत टाकताना तिचं काय मोडलंय ते बघताच, तसं काय शिल्लक आहे तेही बघा. अधूनमधून तिची धूळ पुसा. आणि तिने काही टिपून ठेवलं असेल तर वाचा.

आता एवढं बोललोच आहे, तर एक कबूल करतो. चार्जर हरवायचा तर माझाच हरवो. तो आवाज फाटकापर्यंत पोचला नव्हता. माझा एक स्पीकर फाटलेला आहे, माझं ओरडणं जिन्यातसुद्धा ऐकू जात नाही. माझ्या टिपणात लिहिलंय ते असं: दार उघडलं, पाच वाजून अकरा मिनिटं. मी ओरडलो, पाच वाजून बारा. ती दाराशी चपला काढत होती तेव्हा. फाटकापाशी पोचल्यावर तिचं तिलाच आठवलं होतं आणि ती आपल्या पायांनी परत आली होती. पण आईचं आईला आठवलं, या भरवशावर लेकीला झोप लागली नसती. यंत्र ओरडलं, या भरवशावर लागते.

तेव्हा तेवढं एक खोटं. तेही माझं नाही, तिचं आहे. मी नुसतं सांभाळतोय.